रॅम महागली, कार्डं झिजतायत: टीव्ही रेकॉर्डिंगच्या तात्पुरत्या फायली ठेवायच्या कुठे?

डिसेंबर २०२५ च्या पहिल्याच आठवड्यात दोन बातम्या लागोपाठ आल्या. १ डिसेंबरला रास्पबेरी पायचे भाव वाढले. पाय ५ चं ४ जीबीचं मॉडेल ६० डॉलरवरून ७० वर गेलं, ८ जीबीचं ८० वरून ९५ वर आणि १६ जीबीचं १२० वरून थेट १४५ डॉलरवर. कंपनीने कारण सरळ सांगितलं: मेमरी चिप्स महागल्यात. दोनच दिवसांनी, ३ डिसेंबरला, मायक्रॉनने जाहीर केलं की 'क्रुशल' या नावाने दुकानात मिळणारी रॅम आणि एसएसडी आता बंद. एआयच्या डेटा सेंटर्सकडून मागणी इतकी आहे की तुमच्या-आमच्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकांसाठी चिप्स राखून ठेवणं त्यांना परवडत नाही.

या बातम्यांवर 'आता फोन महागणार' अशी चर्चा भरपूर झाली. पण घरी छोटा सर्व्हर चालवणाऱ्यांसाठी यात एक वेगळी गोची आहे. गेली दहा-पंधरा वर्षं या मंडळींमध्ये एक सल्ला ठरलेला होता: "टेम्पररी फायली रॅममध्ये टाक, कार्ड वाचेल." रॅम स्वस्त होती तोवर हा सल्ला डोळे झाकून देता येत होता. आता रॅमही महाग आणि फ्लॅश स्टोरेजही महाग. मग या फायली ठेवायच्या कुठे?

मी कामाच्या ठिकाणी सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर लिहिते आणि घरी जुन्या लॅपटॉपवर टीव्ही रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चालवते. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून भेटतो. या लेखात आपण तो नीट सोडवून बघू. आणि हो, तुमच्याकडे असा सर्व्हर नसला तरी शेवटपर्यंत वाचा. हीच गोष्ट तुमच्या खिशातल्या फोनमध्येही चालू आहे.

घरचं टीव्ही रेकॉर्डिंग म्हणजे नक्की काय?

सेट-टॉप बॉक्सऐवजी कॉम्प्युटरला एक ट्यूनर लावायचा. तो यूएसबीवर चालणारा असतो किंवा नेटवर्कवरून. त्याला छतावरच्या अँटेनाची किंवा डिशची वायर जोडायची. मग टीव्हीहेडएंड, मिथटीव्ही, जेलीफिन किंवा प्लेक्ससारखं सॉफ्टवेअर चॅनेल पकडतं, वेळापत्रकानुसार कार्यक्रम रेकॉर्ड करतं आणि घरातल्या फोनवर, टीव्हीवर दाखवतं. ब्रिटनमध्ये फ्रीव्ह्यू, अमेरिकेत अँटेनावरची चॅनेल्स, जर्मनीत सॅटेलाइट, असं हे तिकडे बरंच चालतं.

आपल्याकडे पैसे भरून घेतलेल्या डीटीएचचं सिग्नल कूटबद्ध असतं, म्हणजे कुलूपबंद. ते साध्या ट्यूनरने उघडत नाही. पण दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशवरची बरीच चॅनेल्स खुली आहेत. सह्याद्रीवरची एखादी जुनी मैफल किंवा नाटक आजोबांसाठी जपून ठेवायचं असेल, तर हा रस्ता खुला आहे. स्वतःच्या घरी, स्वतःच्या वापरासाठी प्रक्षेपण रेकॉर्ड करायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३९ मध्ये सूट आहे. ते पुढे वाटत सुटायला मात्र नाही.

शिवाय फ्री डिशसाठी मिळणाऱ्या अनेक स्वस्त बॉक्सना मागे यूएसबीची जागा असते. पेन ड्राइव्ह लावला की रेकॉर्डिंग आणि 'टाइमशिफ्ट' सुरू. म्हणजे कॉम्प्युटर नसलेल्या घरातही हेच सगळं घडतं, फक्त कोणाच्या लक्षात येत नाही.

अजून एक ताजं कारण. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. विंडोज ११ न चालणारे ढीगभर लॅपटॉप घराघरांत पडून आहेत. त्यांच्यावर लिनक्स टाकून घरचा सर्व्हर बनवायचा विचार अनेकांच्या डोक्यात आहे. चांगला विचार आहे. फक्त त्यातल्या काही लॅपटॉपमध्ये २ किंवा ४ जीबीच रॅम असते, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

रेकॉर्ड केलंच नाही, मग डिस्कवर लिहितंय कोण?

गंमत इथेच आहे. तुम्ही रेकॉर्डचं बटण दाबलं नाही तरी डिस्कवर लिखाण चालू असू शकतं. ते मुख्यतः चार ठिकाणांहून येतं.

पहिलं, टाइमशिफ्ट. लाइव्ह टीव्ही पॉज करता यावा म्हणून सॉफ्टवेअर येणारा प्रत्येक सेकंद एका फाईलमध्ये लिहीत जातं. काही सॉफ्टवेअर हे तुम्ही पॉज दाबल्यावर सुरू करतात, काही चॅनेल लावल्या क्षणापासून. मिथटीव्हीमध्ये तर लाइव्ह बघणं हेसुद्धा आतून एक रेकॉर्डिंगच असतं. ते आधी डिस्कवर जातं आणि तिथून वाचून तुम्हाला दिसतं.

दुसरं, ट्रान्सकोडिंग. चॅनेल ज्या फॉरमॅटमध्ये येतं तो फोनला चालत नसेल, तर सर्व्हर ते बदलून देतो. बदललेल्या व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे बनतात, ते डिस्कवर पडतात आणि तिथून फोनकडे जातात. बघून झालं की त्यांचा उपयोग शून्य.

तिसरं, रेकॉर्डिंगनंतरची साफसफाई. जाहिराती कापायच्या, फाईलचा साचा बदलायचा. यात आख्खी फाईल दुसऱ्यांदा लिहिली जाते, मग पहिली पुसली जाते. एका कार्यक्रमासाठी दुप्पट लिखाण.

चौथं, बारीकसारीक नोंदी. लॉग, कार्यक्रमांचं वेळापत्रक, 'कुठपर्यंत पाहिलं' ही माहिती. आकार लहान, पण दिवसभर ठिबकत राहणारं.

यातल्या पहिल्या तिन्ही गोष्टी तयारच होतात पुसल्या जाण्यासाठी. दूध आणायला रोज नवीन पातेलं घ्यायचं आणि संध्याकाळी फेकून द्यायचं, असा हा प्रकार.

लिहिलं तर बिघडतं काय?

जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर फारसं काही बिघडत नाही. तीच जागा पुन्हा पुन्हा लिहा, तिला काही वाटत नाही. आणि हे सगळे डिझाइन त्याच काळातले आहेत. टिव्हो नावाचा अमेरिकन रेकॉर्डर १९९९ मध्ये आला. त्यात हार्ड डिस्क होती आणि चालू चॅनेलचा शेवटचा अर्धा तास तो कायम लिहून ठेवायचा. मिथटीव्ही २००२ चं. तेव्हा 'सतत लिहीत राहा' हा निर्णय अगदी बरोबर होता.

मग स्टोरेज बदललं. मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह, एसएसडी, फोनमधली चिप, हे सगळं फ्लॅश. फ्लॅशची दोन वैशिष्ट्यं आहेत. एक, तिचा प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच पुसून पुन्हा लिहिता येतो. दोन, लिहिताना ती लहान पानांत लिहिते, पण पुसताना अनेक पानांचा मोठा ब्लॉकच पुसावा लागतो. त्यामुळे तुम्ही ४ केबीची नोंद बदलली, तरी आत कार्डाला आजूबाजूचा बराच डेटा उचलून दुसरीकडे लिहावा लागू शकतो. तुम्ही लिहिलं थोडं, कार्डाने लिहिलं जास्त. कार्ड जवळजवळ भरलेलं असेल तर हे आणखी वाढतं, कारण हलवाहलवीला मोकळी जागाच नसते.

हे नुसतं पुस्तकी नाही. टेस्लाचं उदाहरण घ्या. त्यांच्या जुन्या मॉडेल एस आणि मॉडेल एक्स गाड्यांच्या स्क्रीनमागच्या कॉम्प्युटरमध्ये ८ जीबीची ईएमएमसी चिप होती. सॉफ्टवेअर तिच्यावर सतत नोंदी लिहीत राहिलं. साधारण ३,००० वेळा पुसून-लिहून झालं की अशी चिप थकते, आणि ते पाच-सहा वर्षांत होत होतं. चिप गेली की मागच्या कॅमेऱ्याचं चित्रही जायचं. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेने चौकशी केली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सुमारे १,३५,००० गाड्या परत बोलवाव्या लागल्या. लाखो रुपयांची गाडी, आणि अडलं कुठे? कोणी कधी न वाचणाऱ्या नोंदींवर.

आता हिशोब करू

भीती घालायची नाही, आकडेच मांडू.

समजा एक एचडी चॅनेल ८ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने येतंय. ८ बिट म्हणजे १ बाइट, म्हणून १ मेगाबाइट प्रतिसेकंद. तासाला ३.६ जीबी. घरात टीव्ही दिवसाला ६ तास चालतो असं धरलं तर २१.६ जीबी. वर्षाला जवळपास ७.९ टीबी. आणि लक्षात ठेवा, यात एकही रेकॉर्डिंग नाही. हे सगळं फक्त 'कदाचित पॉज करावंसं वाटलं तर' यासाठी.

साध्या दर्जाचं चॅनेल ३ मेगाबिटचं धरा. तेव्हाही वर्षाला सुमारे ३ टीबी होतात.

आता हे कुठे लिहिलं जातंय ते बघा.

५०० जीबीच्या चांगल्या एसएसडीवर कंपन्या साधारण ३०० टीबी लिखाणाची हमी देतात. ७.९ टीबीच्या हिशोबाने ती गाठायला ३८ वर्षं लागतील. म्हणजे एसएसडी असेल, तर टाइमशिफ्टने ती मरेल ही भीती डोक्यातून काढून टाका. त्यासाठी जास्तीची रॅम विकत घेणं हा तर आजच्या भावात निव्वळ तोटा.

पण तेच लिखाण ३२ जीबीच्या मेमरी कार्डावर होत असेल, तर ते कार्ड वर्षात जवळजवळ २५० वेळा पूर्ण भरून पुसल्यासारखं होतं. घरातल्या कोणाच्या सवयीमुळे बॉक्स दिवसरात्र एकाच चॅनेलवर चालू राहिला, तर हाच आकडा हजाराच्या घरात जातो. त्यात आतली जास्तीची लिखापढी वेगळी. स्वस्त कार्डावर आणि पेन ड्राइव्हवर किती लिखाण सहन होईल हे पाकिटावर छापलेलंच नसतं. आणि झीज सगळीकडे सारखी वाटून देणारा आतला कंट्रोलरही साधाच असतो.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं: ही समस्या सगळ्यांची नाही. ज्याच्याकडे एसएसडी आहे त्याने निवांत झोपावं. जो पायवर कार्ड लावून किंवा बॉक्सला पेन ड्राइव्ह लावून काम भागवतोय, त्याचं नुकसान होतं. म्हणजे ज्याचं बजेट सगळ्यात कमी, त्याच्याच वस्तू आधी मरतात. आणि कार्ड मरतं तेव्हा फक्त टाइमशिफ्ट जात नाही. त्याच कार्डावर जपून ठेवलेली आजोबांची मैफलही जाते. एकदाच प्रक्षेपित झालेला कार्यक्रम पुन्हा कुठून आणणार?

उपाय, पण क्रमाने

बहुतेक ठिकाणी उत्तराची सुरुवात 'रॅममध्ये टाका' इथून होते. मी ते तिसऱ्या नंबरवर ठेवते. क्रम असा असावा.

१. फाईल बनूच देऊ नका. लाइव्ह टीव्ही पॉज करायची सवयच नसेल तर टाइमशिफ्ट बंद करा. टीव्हीहेडएंडमध्ये 'ऑन-डिमांड' असा पर्याय आहे. तो लावला की तुम्ही पहिल्यांदा पॉज किंवा रिवाइंड दाबल्यावरच लिहायला सुरुवात होते. तोटा एवढाच, की पॉज दाबण्यापूर्वीचं मागे जाऊन बघता येत नाही. स्वस्त बॉक्समध्ये 'टाइमशिफ्ट' किंवा 'पीव्हीआर'च्या मेनूत शोधा. तिथे ते आपोआप सुरू व्हायला लावलेलं असेल तर बंद करा. ते सापडलं नाही, तर रेकॉर्डिंग नसताना पेन ड्राइव्ह काढून ठेवा. झालं.

ट्रान्सकोडिंगचंही तसंच. फ्री डिशवरची अनेक चॅनेल्स एमपीईजी-२ या जुन्या फॉरमॅटमध्ये येतात. ब्राउझरला तो फॉरमॅट वाचता येत नाही, म्हणून सर्व्हर बिचारा राबत बसतो. तेच रेकॉर्डिंग फोनवर व्हीएलसीमध्ये उघडा. व्हीएलसीला तो फॉरमॅट येतो. जेलीफिनच्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये 'एक्स्टर्नल प्लेअर' निवडता येतो. फॉरमॅट बदलायची गरजच संपली, की तुकडेही नाहीत आणि लिखाणही नाही. वर सर्व्हर गरम व्हायचा थांबतो हा बोनस.

२. बनलीच तर लहान ठेवा. टाइमशिफ्टला वेळेची आणि आकाराची मर्यादा घालता येते. मर्यादा घातल्याने एकूण लिखाण कमी होत नाही हे नीट समजून घ्या. जुनं पुसून नवं लिहिणं चालूच राहतं. पण कार्डावर मोकळी जागा राहते, आतली हलवाहलव कमी होते, आणि मुख्य म्हणजे पुढची पायरी शक्य होते. जेलीफिनमध्ये दोन उपयोगी सेटिंग्ज आहेत. एक, फोनच्या खूप पुढे गेलं की ट्रान्सकोडिंग थोडं थांबवायचं. दोन, फोनकडे पोचलेले तुकडे लगेच पुसायचे. पहिल्यामुळे खरोखर लिखाण वाचतं: तुम्ही दहा मिनिटं बघून सिनेमा बंद केलात, तर उरलेले दोन तास उगाच बदलून लिहिले जात नाहीत. दुसऱ्यामुळे जागा वाचते.

३. लहान झाली की मग रॅममध्ये. लिनक्समध्ये टीएमपीएफएस नावाची सोय आहे. दिसायला फोल्डर, पण प्रत्यक्षात रॅम. त्यात जेवढं ठेवाल तेवढीच रॅम जाते. ३ मेगाबिटच्या चॅनेलचा दहा मिनिटांचा टाइमशिफ्ट म्हणजे फक्त २२५ एमबी. एचडीचा ६०० एमबी. फोन वाजला, दारात कुरिअरवाला आला, कुकरची शिट्टी झाली, एवढ्यासाठी दहा मिनिटं पुरतात. दीड तासाचा एचडी टाइमशिफ्ट हवा असेल तर मात्र ५.४ जीबी रॅम लागेल. आजच्या भावात तो हट्ट महाग आहे. टीव्हीहेडएंडमध्ये तर टाइमशिफ्ट पूर्ण रॅममध्येच ठेवायचं वेगळं सेटिंगही आहे.

४. नाहीतर जुनी हार्ड डिस्क. घरात पडलेली लॅपटॉपची फिरती डिस्क यूएसबी केसमध्ये घालून लावा आणि सगळ्या तात्पुरत्या फायली तिकडे वळवा. आवाज येईल, वीज थोडी जास्त जाईल. पण सतत लिहिण्याचं काम हिला जमतं. टिव्होने ते १९९९ मध्येच सिद्ध केलंय.

आणि एक नियम या सगळ्यांच्या वर: खरं रेकॉर्डिंग कधीही रॅममध्ये ठेवायचं नाही. लाईट गेली की रॅम रिकामी. तासाभराचं रेकॉर्डिंग ५९ व्या मिनिटाला गेलं तर कोणाला सांगणार?

रॅममध्ये टाकताना लोक कुठे अडकतात?

इथे एक ताजा बदल माहीत असायला हवा. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आलं. त्यात सिस्टमचं 'टीएमपी' फोल्डर आता आपोआप रॅममध्ये असतं, आणि त्याची कमाल मर्यादा एकूण रॅमच्या निम्मी. फेडोराने हे २०१३ मध्येच केलं होतं. हेतू चांगला आहे, पण परिणाम बघा. २ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, आणि तुमचं सॉफ्टवेअर मोठे तुकडे 'टीएमपी'त टाकतंय. १ जीबी भरली की 'जागा शिल्लक नाही' असा एरर येतो. डिस्कवर २०० जीबी मोकळी असते आणि माणूस डोकं धरून बसतो. असं झालं तर सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तात्पुरत्या फोल्डरचा पत्ता बदला. संपूर्ण सिस्टम उलटीपालटी करू नका.

डॉकर वापरणाऱ्यांसाठी वेगळा सापळा. अनेक जण प्लेक्सचं ट्रान्सकोडिंग फोल्डर 'डेव्ह-एसएचएम'वर वळवतात, जे रॅममध्येच असतं. पण डॉकरच्या कंटेनरमध्ये त्याचा आकार न सांगता फक्त ६४ एमबी असतो. व्हिडिओ सुरू होतो, थोडा चालतो आणि बंद पडतो. कंटेनर सुरू करतानाच हा आकार वाढवावा लागतो.

तिसरा सापळा सगळ्यात मजेशीर. रॅम कमी पडली की टीएमपीएफएसमधला डेटा स्वॅपमध्ये ढकलला जातो. आणि स्वॅप कुठे असतो? त्याच मेमरी कार्डावर! म्हणजे पुढच्या दाराने बाहेर काढलेलं लिखाण मागच्या दाराने आत. म्हणून टीएमपीएफएसला मर्यादा घाला, आणि स्वॅप हवाच असेल तर झेडरॅम वापरा. तो डेटा दाबून लहान करतो आणि रॅममध्येच ठेवतो.

एक दिलासाही आहे. लिनक्स प्रत्येक गोष्ट लगेच डिस्कवर लिहीत नाही. साध्या लिखाणाला तो साधारण ३० सेकंद रॅममध्ये थांबवून ठेवतो. त्याआधीच फाईल पुसली गेली तर तिचा डेटा बहुधा डिस्कवर पोचतच नाही. म्हणून काही सेकंद जगणाऱ्या फायलींसाठी जीव काढू नका. खरा भार मिनिटं-तास जगणाऱ्या फायलींचा, आणि 'आत्ताच्या आत्ता लिही' असा हट्ट धरणाऱ्या डेटाबेससारख्या गोष्टींचा.

आधी मोजा

कुठलंही सेटिंग बदलण्यापूर्वी तुमच्याकडे किती लिखाण होतंय ते बघा. एसएसडी असेल तर तिच्या स्मार्ट माहितीत आजवर एकूण किती लिहिलं ते असतं. मेमरी कार्ड असेल तर लिनक्सच्या 'डिस्कस्टॅट्स' नोंदीत सिस्टम सुरू झाल्यापासूनचा आकडा मिळतो. 'आयओटॉप' नावाचं साधन तर कोणता प्रोग्रॅम लिहितोय तेही दाखवतं. आकडा लिहून ठेवा, दोन तास टीव्ही बघा, पुन्हा आकडा बघा. फरक काही एमबीचा असेल तर तुम्हाला हा लेख फक्त माहितीसाठी. अनेक जीबींचा असेल तर वरचा क्रम पहिल्यापासून सुरू करा.

आणि फोनमध्ये?

फोनमधली स्टोरेज चिपही फ्लॅशच. फरक एवढाच, की ती बोर्डाला डकवलेली असते. कार्ड मेलं तर नवीन आणता येतं, ही चिप गेली तर फोनच गेल्यासारखा.

अँड्रॉइड बनवणाऱ्यांना हे माहीत आहे. म्हणून अँड्रॉइड वर सांगितलेला झेडरॅम वापरतं. मागे गेलेल्या अ‍ॅपचा डेटा शक्यतो दाबून रॅममध्येच ठेवायचा, चिपवर लिहायचा नाही. शहाणपणाचा निर्णय.

पण जाहिरातींचा वारा उलट दिशेने वाहतोय. '८ जीबी + ८ जीबी रॅम' असं लिहिलेले फोन तुम्ही पाहिले असतील. त्यातली दुसरी ८ जीबी ही रॅम नसतेच. ती स्टोरेजमधून काढून दिलेली जागा असते, म्हणजे स्वॅपचाच भाऊ. ती रॅमपेक्षा कितीतरी हळू असते, आणि ती जितकी वापरली जाईल तितकं चिपवर लिखाण. खरी रॅम महाग झाल्यावर अशा 'प्लस'ची जाहिरात वाढणार हे सांगायला ज्योतिषी नको. फोन घेताना अधिक चिन्हाच्या डावीकडचा आकडा बघा. आणि ४ जीबीच्या वर खरी रॅम असेल, तर ही सोय बंद करून आठवडाभर वापरून बघा. फरक जाणवला नाही तर बंदच राहू द्या.

खरा प्रश्न डिफॉल्टचा

सॉफ्टवेअर लिहिणारी म्हणून मला यात एक गोष्ट खटकते. वरचे जवळजवळ सगळे उपाय सॉफ्टवेअरमध्ये आधीच आहेत. ऑन-डिमांड टाइमशिफ्ट आहे, तुकडे पुसायची सोय आहे, फोल्डर बदलता येतं. पण ते कुठेतरी चौथ्या पानावर, 'अ‍ॅडव्हान्स्ड'च्या आड लपलेलं असतं. आणि बहुसंख्य लोक सेटिंग कधी उघडतच नाहीत. ज्याला जे मिळालं, तो तेच वापरतो.

आम्ही डेव्हलपर मंडळी ६४ जीबी रॅम आणि मोठ्या एसएसडीच्या मशीनवर कोड लिहितो. तिथे एक मेगाबाइट प्रतिसेकंद म्हणजे काहीच नाही. पण तोच कोड मग पायवर, स्वस्त बॉक्सवर, दहा वर्षांच्या लॅपटॉपवर चालतो. सॉफ्टवेअरला तो कार्डावर चालतोय की एसएसडीवर, हे ओळखता येतं. कार्ड दिसलं तर टाइमशिफ्ट आपोआप छोटा ठेवणं किंवा निदान एकदा विचारणं, हे काही रॉकेट सायन्स नाही. हे सगळे प्रकल्प ओपन सोर्स नाहीत. पण टीव्हीहेडएंड, मिथटीव्ही, जेलीफिन आहेत, म्हणजे हा बदल सुचवायला आणि लिहायला कोणाचीही परवानगी लागत नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असाल आणि प्रोजेक्ट शोधत असाल, तर हा विषय घ्या. 'अटेंडन्स मॅनेजमेंट सिस्टम'पेक्षा नक्कीच जास्त लोकांच्या कामी येईल.

रॅमचे भाव आज ना उद्या खाली येतील, आधीही आलेत. पण भाव खाली आले की पुन्हा 'टाका सगळं रॅममध्ये' असं म्हणून मोकळं व्हायची गरज नाही. जी फाईल कोणी बघणारच नाही, ती स्वस्तात कुठे ठेवायची हा प्रश्न दुय्यम आहे. ती मुळात लिहायची कशाला, हे आधी विचारा.

आज रात्री एवढं करा: बॉक्सच्या किंवा सर्व्हरच्या मेनूत जाऊन टाइमशिफ्ट आपोआप सुरू होतोय का ते बघा. आणि ज्या कार्डावर किंवा पेन ड्राइव्हवर तो लिहितोय, त्याच्यावर घरातलं एखादं परत न मिळणारं रेकॉर्डिंग असेल, तर आधी त्याची दुसरीकडे कॉपी काढा.